नमस्काराचा दहा आकडी नंबर

रात्री दोनचा बॅकअप बंद पडला होता आणि लॉगमध्ये एकच तक्रार होती: आलेला संदेश फार लांब आहे, 3768887520. दहा आकडी. सुरुवातीला 3 नसता तर कुणाचा तरी मोबाइल नंबर म्हणून खपला असता. सर्व्हरवर लॉगिन केलं तर सगळं जागच्या जागी. डिस्कवर जागा होती, परवानग्या ठीक होत्या, किल्ली लागत होती, पासवर्ड न विचारता दार उघडत होतं. बाहेरून फाइल पाठवायला गेलं की पुन्हा तोच आकडा.

आत शिरलं की चालतं, बाहेरून नाही. दूरच्या मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही तक्रार कधी ना कधी केलेली असते. वेब डेव्हलपर म्हणतो, सर्व्हरवर जाऊन बघितलं तर नोड.जेएस आहे, पण डिप्लॉय स्क्रिप्टला तो सापडत नाही. संशोधन करणारी विद्यार्थिनी म्हणते, लॉगिन नोडवर मॉड्यूल कमांड चालते, जॉबमध्ये गायब होते. मॅकवाला म्हणतो, घरच्या मशीनवर एसएसएचने ब्रू चालवायला गेलो तर अशी कमांडच नाही म्हणे. या सगळ्यांना मिळणारा सल्ला एकाच साच्यातला असतो: ही ओळ बॅशआरसीत टाका. नाही चालली तर प्रोफाइलमध्ये टाका. तिथेही नाही चालली तर दोन्हीकडे टाका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि शेवटी दोन्ही गावांत पाणी.

माझं म्हणणं असं की ओळ कोणत्या फाइलीत टाकायची हा दुसरा प्रश्न झाला. आधी विचारायचं ते हे: हा शेल कोणी उठवला, आणि त्याच्यासमोर माणूस बसलेला आहे का? हे कळलं की फाइल आपोआप कळते. (या फायलींची खरी नावं टिंबाने सुरू होतात, म्हणून त्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. इथे ते टिंब गाळून लिहितो.)

घोळ कुठून आला हे पाहायला थोडं मागे जावं लागतं, कारण या फायली कोणी एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत. जुन्या वाड्याला प्रत्येक पिढीने एकेक खोली जोडावी तशा त्या जोडल्या गेल्या. नावातलं ‘आरसी’ तर युनिक्सच्याही आधीचं आहे. एमआयटीतल्या सीटीएसएस प्रणालीसाठी लुई पूझँ यांनी 1960च्या दशकात ‘रनकॉम’ नावाची सोय केली, कमांडांची यादी फाइलीत लिहून एका दमात चालवायची. ‘शेल’ हा शब्दही त्यांचाच. रनकॉमचं आखूड रूप आरसी, आणि ते आजही प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीत पडून आहे.

1979च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये स्टीव्हन बोर्न यांचा शेल आला, आणि त्याच्याबरोबर प्रोफाइल ही फाइल. तिथली युक्ती मोठी साधी होती. लॉगिन प्रोग्रॅम शेल सुरू करताना त्याच्या नावाआधी एक आडवी रेघ लावी. शेल स्वतःचं नाव बघे. रेघ असली तर समजे की आपण लॉगिनच्या वेळी उठवलेलो आहोत, आणि प्रोफाइल वाचे. ही रूढी अजून जिवंत आहे. सर्व्हरवर जाऊन ‘एको $0’ असं विचारलंत आणि उत्तरात ‘-बॅश’ आलं, तर ती रेघ त्या काळापासून चालत आलेली आहे. त्या वेळी लॉगिन म्हणजे टर्मिनलपुढे बसलेला माणूस. लॉगिन आहे पण माणूस नाही, किंवा माणूस आहे पण लॉगिन नाही, असा विचार करण्याची गरजच क्वचित पडे.

मग एकच फाइल का पुरली नाही? याचं कारण बहुतेक मार्गदर्शिकांत सांगितलेलं नसतं, आणि ते कळल्याशिवाय बाकीचं सगळं पाठांतर होतं. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल वारशाने मिळतात: पाथ एकदा ठरवला की त्या शेलमधून जन्मलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला तो आपोआप लाभतो. म्हणून तो लॉगिनच्या वेळी एकदाच लिहिला तरी भागतं. पण बर्कलीत बिल जॉय यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस सी शेल लिहिला आणि त्यात एलियास आणले. एलियास वारशाने मिळत नाहीत. प्रत्येक नव्या शेलला ते नव्याने शिकवावे लागतात. म्हणून सी शेलला दोन फायली लागल्या. लॉगिन ही एकदाच वाचायची, सीएसएचआरसी दर वेळी. जे वारशाने जातं ते एकीकडे आणि जे जात नाही ते दुसरीकडे, अशी ही वाटणी मुळात अगदी शहाणपणाची होती.

ती बिघडवली रिमोट शेलने. 1983च्या 4.2 बीएसडी या बर्कलीच्या युनिक्समध्ये आरएसएच आली आणि दुसऱ्या मशीनवर एखादी कमांड परस्पर चालवून उत्तर घेऊन येण्याची सोय झाली. इथे ना लॉगिन प्रोग्रॅम, ना टर्मिनल, ना माणूस. 1995मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिली, कारण विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले होते. एसएसएचने आरएसएचची जागा घेतली आणि तिच्या सवयीही उचलल्या. नुसतं ‘एसएसएच सर्व्हर’ म्हटलंत तर पलीकडे नावाआधी रेघ असलेला शेल उठतो, टर्मिनल मिळतं, पुढच्या दाराने स्वागत होतं. त्यापुढे एखादी कमांड लिहिलीत तर पलीकडचा शेल ‘-सी’ या खुणेसह उठतो, ती कमांड चालवतो आणि मरतो. हे मागचं दार. यजमान तोच, घर तेच, पण या दाराला तोरण नाही.

बॅश 1989चा. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला, पुढे चेट रेमी यांनी दशकानुदशकं सांभाळलेला. त्याला बोर्नचाही वारसा हवा होता आणि सी शेलच्या सोयीही. त्यामुळे नियम असे झाले. लॉगिन शेल आधी सगळ्यांसाठीची ईटीसीमधली प्रोफाइल वाचतो. मग बॅश-प्रोफाइल, बॅश-लॉगिन आणि प्रोफाइल या तिघींपैकी जी पहिली सापडेल तीच वाचतो, उरलेल्या दोघींकडे ढुंकूनही पाहत नाही. लॉगिन नाही पण समोर माणूस आहे, म्हणजे डेस्कटॉपवर नवी टर्मिनल खिडकी उघडली, तर बॅशआरसी. लॉगिनही नाही आणि माणूसही नाही, तर काहीच नाही. फक्त बॅश-एन्व्ह नावाच्या व्हेरिएबलमध्ये एखाद्या फाइलीचं नाव असेल तर ती.

यातलं ‘पहिली सापडेल तीच’ हे कलम फार जणांना भोवतं. उबुंटूवर नवा वापरकर्ता तयार केला की त्याच्या घरात प्रोफाइल असते, बॅश-प्रोफाइल नसते. त्या प्रोफाइलमध्ये बॅशआरसी वाचण्याची ओळ असते, म्हणून पुढच्या दाराने आलात तरी तुमचे एलियास आणि रंग मिळतात. मग एखाद्या अवजाराचा इन्स्टॉलर येतो आणि आपली एक ओळ बॅश-प्रोफाइलमध्ये जोडतो. फाइल नव्हती म्हणून ती तयार होते. त्या क्षणापासून प्रोफाइल वाचणं बंद. दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं की प्रॉम्प्टचे रंग गेलेले आणि घरातल्या बिन फोल्डरमधले प्रोग्रॅम सापडत नाहीत. कोणी काही पुसलेलं नसतं. एका नव्या पाहुण्याने दारात खुर्ची टाकली आणि घरच्या मंडळींना आत येता येईना, एवढंच. अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा होम डिरेक्टरीत बॅश-प्रोफाइलची तारीख बघतो. बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो.

दुसरी गोम मागच्या दाराची आहे. माणूसही नाही आणि लॉगिनही नाही तर बॅश काहीच वाचत नाही असं वर म्हटलं, पण त्याला एक अपवाद आहे. आपण नेटवर्कवरून, आरएसएच किंवा एसएसएचच्या हाताने उठवले गेलो आहोत असं बॅशला वाटलं, तर तो बॅशआरसी वाचतो. आरएसएचच्या काळातली ही सवय. एसएसएच ओळखण्यासाठी वेगळा पर्याय बॅश बनवतानाच चालू करावा लागतो, आणि डेबियन तो चालू ठेवतं. डेबियनच्या कुळातल्या सर्व्हरवर म्हणूनच परस्पर पाठवलेल्या कमांडच्या आधीही बॅशआरसी उघडली जाते.

पण उघडली जाते म्हणजे पूर्ण वाचली जाते असं नाही. डेबियन आणि उबुंटू जी बॅशआरसी देतात तिच्या अगदी वरच एक पहारेकरी उभा असतो: समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर. शेलच्या खुणा ‘$-’ या व्हेरिएबलमध्ये असतात. त्यात ‘आय’ हे अक्षर नसलं की पहारेकरी पाहुण्याला ओसरीवरूनच वाटेला लावतो. आता एनव्हीएम, कोंडा अशा अवजारांचे इन्स्टॉलर आपल्या ओळी कुठे जोडतात? फाइलीच्या तळाला. म्हणजे पहारेकऱ्याच्या पलीकडे, अंतर्गृहात. तुम्ही लॉगिन करता तेव्हा पहारेकरी सोडतो आणि नोड सापडतो. डिप्लॉय स्क्रिप्ट येते तेव्हा तिला ओसरीवरूनच परत जावं लागतं. वर म्हटलेल्या वेब डेव्हलपरची सगळी व्यथा एवढीच आहे. तो बिचारा बॅशआरसीच्या तळाशी तीच ओळ तिसऱ्यांदा टाकत बसतो.

यावर तीन उपाय सांगितले जातात, पण ते सारख्या योग्यतेचे नाहीत. ओळ पहारेकऱ्याच्या वर नेणं चालतं. पण मग प्रत्येक छोट्या कमांडला, प्रत्येक फाइलीच्या ये-जाला तो भार सोसावा लागतो, आणि एनव्हीएम काही हलकं नाही. कमांडला ‘बॅश -एलसी’चं वेष्टण घालून लॉगिन शेलचं सोंग आणणं हा दुसरा उपाय. हा प्रोफाइलमधला पाथ आणून देतो, पण बॅशआरसीतला पहारेकरी याही सोंगाला आत सोडत नाही, कारण लॉगिन असलं तरी माणूस नाहीच. हे लक्षात न आल्याने माझ्या ओळखीत दोघा-तिघांचे दिवस गेले आहेत. तिसरा उपाय सगळ्यात रुक्ष आणि माझ्या मते सगळ्यात बरा: स्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहा, किंवा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत तिला लागेल तो पाथ तिचा तिनेच ठरवावा. यंत्रासाठी लिहिलेल्या कामाने माणसाच्या सोयीच्या फायलींवर विसंबून राहू नये.

झेडशेलचा संसार जास्त नेटका आहे. 1990मध्ये प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना पॉल फाल्स्टॅड यांनी तो लिहिला. त्यात झेडशेल-एन्व्ह नेहमी वाचली जाते, माणूस असो वा नसो. झेडप्रोफाइल फक्त लॉगिनला, झेडशेलआरसी समोर माणूस असेल तर, आणि झेडलॉगिन पुन्हा लॉगिनला, सगळ्यांच्या शेवटी. ‘पहिली सापडेल तीच’ असला प्रकार नाही. 2019च्या कॅटालिनापासून मॅकवर हाच शेल मूळचा म्हणून येतो. अॅपल सिलिकॉनच्या मॅकवर होमब्रू आपली ओळ झेडप्रोफाइलमध्ये घालायला सांगतं. मॅकचं टर्मिनल प्रत्येक खिडकीत लॉगिन शेल उघडतं, त्यामुळे समोर बसलेल्याला कधी अडचण येत नाही. एसएसएचने परस्पर ब्रू चालवायला गेलं की लॉगिन नाही, झेडप्रोफाइल नाही, ब्रू नाही. हुशार माणूस मग म्हणतो, पाथ झेडशेल-एन्व्हमध्येच ठेवू, ती तर नेहमी वाचतात. तिथे दुसरा खड्डा आहे. लॉगिनच्या वेळी झेडशेल-एन्व्हनंतर मॅकची ईटीसीतली झेडप्रोफाइल चालते आणि त्यातला पाथ-हेल्पर सिस्टिमचे पत्ते पुढे आणून तुमचे मागे ढकलतो. परस्पर कमांडला तुमचं पायथन मिळतं, लॉगिन केल्यावर वेगळं. तक्रार उलटी झाली, संपली नाही. फिश शेल याबाबत प्रामाणिक वाटतो: मुख्य फाइल एकच, सदासर्वदा वाचली जाणारी, आणि माणूस आहे का, लॉगिन आहे का, हे तुम्हीच आत विचारून ठरवायचं.

आता त्या दहा आकडी नंबराकडे. त्या सर्व्हरच्या बॅशआरसीत, पहारेकऱ्याच्याही वर, मीच कधीतरी हौसेने एक ओळ लिहिली होती: लॉगिन होताच पडद्यावर ‘नमस्कार’ छापायचं. एसएफटीपीचं संभाषण असं चालतं की पलीकडून येणारे पहिले चार बाइट म्हणजे पुढच्या संदेशाची लांबी. पण एसएफटीपीचा सर्व्हर सुरू करणारा तोच शेल, आणि शेलने त्याच्या आधी नमस्कार केलेला. यूटीएफ-8मध्ये ‘न’ या अक्षराचे तीन बाइट होतात, 224, 164, 168. त्यापुढच्या ‘म’चा पहिला बाइट पुन्हा 224. हे चार बाइट एक सलग आकडा म्हणून वाचले की होतात 3768887520. माझ्या मशीनने इमानदारीने मानलं की पलीकडून पावणेचार अब्ज बाइटांचा संदेश येतो आहे, आणि नको म्हणून सांगितलं. इंग्रजीत ‘हॅलो’ लिहिणाऱ्यांना याच जागी 1214606444 दिसतो. जगभर कित्येकांनी तो आकडा डोकं खाजवत पाहिला असेल.

हाच गोंगाट गिट वेगळ्या शब्दांत सांगतं: ओळीची लांबी सांगणारं अक्षर चुकीचं आहे, आणि पुढे स्वागताच्या मजकुराचे पहिले चार बाइट छापतं. आरसिंकचा प्रश्न तर माझा आवडता आहे. प्रोटोकॉलची आवृत्ती जुळत नाही म्हणून ते विचारतं, तुमचा शेल स्वच्छ आहे ना? आजीने पाय धुतलेस का म्हणून विचारावं तसं. ओपनएसएसएचच्या 9.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2022पासून, एससीपीही आतून एसएफटीपीच वापरतं, तेव्हा चूक तीच राहिली तरी तिचं तोंड बदललेलं असू शकतं. नव्या आवृत्त्या त्या आकड्यापाठोपाठ पलीकडच्या शेलने काही छापू नये अशी सूचनाही देतात. मला ती मिळाली असती तर एक रात्र वाचली असती.

तपासणी एका ओळीची आहे. सर्व्हरवर ‘ट्रू’ ही काहीच न करणारी कमांड परस्पर चालवायची आणि परत आलेले बाइट मोजायचे. उत्तर शून्य यायला हवं. एक जरी आला तरी घरात कोणीतरी बोलतंय. हे बोलणं नेहमी ‘एको’चंच असतं असं नाही. कधी एसटीटीवाय किंवा मेसग या टर्मिनलशी बोलणाऱ्या कमांडा पहारेकऱ्याच्या वर राहिलेल्या असतात आणि टर्मिनल नाही म्हणून कुरकुरतात. ती कुरकुर एरर-वाहिनीवर जाते, मोजणीत येत नाही, पण लॉग भरून टाकते. आणखी एक जागा विसरली जाते, ती एसएसएचच्या फोल्डरमधली आरसी नावाची फाइल. ती शेलच्याही आधी चालते आणि तिथला आवाजही घातक.

भाषेचा मुद्दा मराठी माणसाला जरा जास्त लागतो. डेबियन आणि उबुंटूचा एसएसएच क्लायंट आपल्या मशीनची भाषेची व्हेरिएबलं पलीकडे पाठवतो आणि त्यांचा सर्व्हर ती घेतो. घरच्या लॅपटॉपवर मराठी-भारत लोकेल ठेवलंत, आणि सर्व्हरवर कोणी ते बनवलेलंच नाही, की लॉगिन होताच बॅश इशारा देतो, पर्ल चाललं की ते त्याहून कितीतरी जास्त ओळींत देतं, आणि मग सगळे गुपचूप ‘सी’ नावाच्या जुन्या, निव्वळ इंग्रजी लोकेलवर उतरतात. मराठी नावांच्या फायलींची यादी मागितली की ‘न’च्या जागी 340, 244, 250 असे अष्टमान आकडे अवतरतात. अनेक जण घाबरून फायली बिघडल्या असं समजतात. फायली धड असतात. त्या वाचणाऱ्याने चष्मा काढलेला असतो. सर्व्हर आपला असेल तर तिथे लोकेल बनवून घ्यावं, नसेल तर आपल्या बाजूने ती व्हेरिएबलं पाठवणं बंद करावं. बॅशआरसीत लोकेल जबरदस्तीने लिहिणं हा तिसरा मार्ग लोकप्रिय आहे, पण तो पुढच्या दारापुरताच लागू पडतो. कारण आता वेगळं सांगायला नको.

महासंगणकांवर हीच गोष्ट शेकडो पटीने घडते. पुण्यात 1988मध्ये सी-डॅक उभी राहिली, 1991मध्ये परम 8000 आला, आणि आज आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रांवर विद्यार्थी आपल्या खोलीत बसून एसएसएचने शिरतात. अशा यंत्रांवर कंपायलर आणि लायब्ररी मॉड्यूल कमांडने हव्या तेव्हा चढवतात. मॉड्यूल हा प्रोग्रॅम नव्हे, शेलमधलं फंक्शन आहे, ते आपोआप वारशाने जात नाही, आणि बहुधा ईटीसीतली प्रोफाइल वाचल्यावरच जन्माला येतं. जॉब स्क्रिप्टचा शेल लॉगिनचा नसेल तर मॉड्यूल गायब होऊ शकतं. पहिल्या ओळीत बॅशपुढे ‘-एल’ लिहिलं की सापडतं. एकच गणित अनेक नोडांवर वाटून चालवणाऱ्या ओपन एमपीआयचा किस्सा याच घरातला. शेड्युलरची मदत नसताना ते दुसऱ्या नोडवर आपला एक मदतनीस प्रोग्रॅम एसएसएचनेच उठवतं, परस्पर, मागच्या दाराने. तिकडच्या पाथमध्ये तो मदतनीस नसला की सोळा नोडांचं गणित पहिल्या पावलालाच बसतं. विद्यार्थी सांगतो, सर, मी प्रत्येक नोडवर जाऊन बघितलं, आहे की. तो गेला होता पुढच्या दाराने.

तपासताना लोक स्वतःच स्वतःला फसवतात असे दोन-तीन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. पलीकडचा पाथ बघायला ‘एसएसएच सर्व्हर एको’ लिहून पुढे डॉलरसकट पाथ लिहिला, पण एकेरी अवतरणचिन्हं घातली नाहीत, तर व्हेरिएबल आपल्याच मशीनवर उलगडतं आणि सर्व्हर ते नुसतं परत ऐकवतो. आपण आपलंच प्रतिबिंब बघून सर्व्हरचा पाथ अगदी बरोबर आहे म्हणतो. दुसरं, बॅशआरसी बदलल्यावर ‘सोर्स’ करून बघणं. त्या बसलेल्या सत्रात ते चालणारच. त्यातून ती फाइल पुढच्या वेळी आपणहून वाचली जाईल का हे काही कळत नाही. तिसरं, चालू शेलच्या आत नवा लॉगिन शेल उघडून चाचणी घेणं. नव्याला जुन्याचा वारसा मिळालेला असतो, त्यामुळे नापास व्हायचं ते पास होतं. ‘एन्व्ह -आय’ने कोऱ्या पाटीवर उठवावं, किंवा सरळ बाहेरून यावं.

एवढं करूनही पत्ता लागला नाही तर शेलला बोलतं करायचं. बॅशला ‘-एक्स’ दिला की तो करतो ती प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणून दाखवतो. पीएस4 या व्हेरिएबलमध्ये फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक घालून ठेवला तर कुठली ओळ कुठल्या फाइलीतून आली तेही दिसतं. मात्र ओळी हजारोंनी येतात, तेव्हा त्या फाइलीत वळवाव्या. लॉगिन नुसतं मंद असेल तर आधी ‘एसएसएच -व्ही’ चालवून बघावं: संवादी सत्र सुरू होत असल्याची ओळ येईपर्यंतचा उशीर नेटवर्कचा किंवा ओळखपत्र तपासणाऱ्यांचा, त्यानंतरचा बहुधा आपल्या फायलींचा. नेटवर्कवरची होम डिरेक्टरी लटकलेली असेल तर मात्र सगळाच हिशेब चुकतो.

सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे दार आतून लावून बाहेर राहणं. माझ्याकडून ते एकदा झालं आहे. बॅशआरसीत मी लिहिलं होतं की डेटाची डिस्क जोडलेली नसेल तर ‘एक्झिट’. स्क्रिप्टमध्ये हे बरोबर असतं, पण या फायली वेगळ्या स्क्रिप्टसारख्या चालत नाहीत. त्या चालू शेलच्या पोटातच वाचल्या जातात, आणि तिथला एक्झिट शेललाच संपवतो. तिथे ‘रिटर्न’ लिहायला हवं होतं. कित्येक महिने काही बिघडलं नाही. मग वीज गेली, सर्व्हर पुन्हा उठला, डिस्क जोडली गेली नाही, आणि लॉगिन केलं की स्वागत आणि निरोप एकाच क्षणात. डिस्क जोडायला आत जायला हवं, आत जायला डिस्क जोडलेली हवी. ‘सेट -ई’ लिहून हीच गत करून घेणारेही असतात.

वाचवलं ते पहारेकऱ्याने. माझी ओळ त्याच्या खाली होती. म्हणजे लॉगिन बंद, पण परस्पर पाठवलेली कमांड त्या ओळीपर्यंत पोचतच नव्हती. बॅशआरसीचं नाव बदलण्याची एक कमांड मागच्या दाराने पाठवली आणि पुढचं दार उघडलं. ओळ वर असती तर एसएफटीपीही उपयोगी पडलं नसतं, कारण त्यालाही शेलच उठवतो. फक्त सर्व्हरवर इंटर्नल-एसएफटीपी ठरवलेलं असेल तर शेलला वळसा घालून फाइल बदलता येते. तेही नसेल तर होस्टिंगवाल्याच्या वेब कन्सोलवरून, दुसऱ्या खात्यातून शिरावं लागतं. तेव्हापासून या फायलींना हात लावायचा तर मी एक जुनं सत्र उघडं ठेवतो आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने शिरून बघतो. नवीन शिरकाव झाल्याशिवाय जुनी खिडकी बंद करत नाही.

‘नमस्कार’ची ओळ मी काढलेली नाही. ती पहारेकऱ्याच्या खाली आणली आहे. रात्री दोनला बॅकअप येतो तेव्हा सर्व्हर त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही.